रजोनिवृत्तीनंतरचे संप्रेरक उपचार

पाळी कायमची थांबल्यावर घटलेले इस्ट्रोजेन गोळी, पट्टी वा जेलमधून भरून काढण्याची पद्धती. गर्भाशय शाबूत असल्यास अस्तराच्या कर्करोगापासून संरक्षणासाठी प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषधाची जोड अनिवार्य असते. भारतीय स्त्रियांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा लवकर थांबते. म्हणून आपल्याकडे हा विषय अधिक निकडीचा आहे.

इस्ट्रोजेन हाडे झिजवणाऱ्या पेशींना आवर घालते. ते घटल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडांची घनता झपाट्याने उतरते. उपचारांनी ही झीज थांबते, पण ते बंद करताच पुन्हा सुरू होते. अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवरील या उपचारांच्या चाचणीत (२००२) खुब्याचे अस्थिभंग सुमारे एक-तृतीयांशाने घटले. मात्र स्तनाचा कर्करोग, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्या वाढल्या.

रक्तातील चरबीवरही परिणाम होतो: गोळीमुळे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) घटते, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) वाढते, पण ट्रायग्लिसराइड ही चरबीही वाढते; त्वचेवरील पट्टीने ती सहसा वाढत नाही. कोलेस्टेरॉल सुधारले म्हणजे हृदय सुरक्षित झाले, असे मात्र नाही. १९९८ च्या ‘हर्स’ चाचणीत या उपचारांनी हृदयरोगी स्त्रियांचे कोलेस्टेरॉलचे आकडे सुधारले, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. केवळ कोलेस्टेरॉलसाठी हे उपचार घेणे चूकच.

साठीच्या आत, पाळी थांबल्यापासून दहा वर्षांत सुरुवात केल्यास लाभाचे पारडे जड राहते. स्तनाचा कर्करोग वा गुठळी पूर्वी झाली असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे.