डॉलर वितळले, रुपये झाले

जुन्या अमेरिकी चांदीच्या डॉलरचा शोध घेणाऱ्या संग्राहकाला, विशेषतः तो पनवेलचा असेल तर, समोरच्या मुंबईतील टांकसाळीचा इतिहास टाळता येत नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानी मालाची मागणी वाढली, तशी त्याचे दाम चुकवायला रुपयांची गरजही वाढली; पण पनवेल ज्यात येई त्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात भाताच्या व्यापारावर जगणाऱ्या शेतकऱ्याचा विश्वास नोव्हेंबर १९१७ मध्ये निघालेल्या एक रुपयाच्या कागदी नोटेपेक्षा खणखणीत चांदीवरच होता, आणि ती चांदी सरकारी तिजोरीत संपत आली होती.

२३ एप्रिल १९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले. त्यांतील जवळपास २६ कोटींची चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटिशांना विकली. एका डॉलरात सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदी, रुपयात पावणेअकरा. म्हणजे एका डॉलरातून सव्वादोन रुपये. कोणत्या सालाचे किती डॉलर वितळले याची नोंदच ठेवली गेली नाही, ही संग्राहकांच्या दृष्टीने खरी हानी होय.

पंचम जॉर्जच्या १९१८ ते १९२० च्या रुपयावर खालच्या कमळाखाली बारीक ठिपका, म्हणजे मुंबई टांकसाळीची खूण, दिसला, तर त्यात जुन्या डॉलरची चांदी असण्याचा संभव मोठा आहे.