मुंबईच्या गोदींतील उमेदवारी

मुंबईच्या जहाजगोदीविषयीं आजवर जें लिहिलें गेलें त्यांत जहाजांचीं नांवें, तोफांची संख्या व वाडिया घराण्याची वंशावळ हीं विपुल सांपडतात. परंतु गोदींत नव्यानें शिरलेला माणूस काम कसा शिके, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला दिसत नाहीं. कारण उघड आहे. शिकविण्याचा कागद होत नसे. जहाज विकलें कीं करारनामा होई, लांकूड आलें कीं जमाखर्चांत रक्कम पडे. पण मिस्त्रीनें पोराच्या हातांतील वांकस नीट धरविला, याची नोंद कोण ठेवणार? म्हणून या बाबतींत एखादा लहानसा आंकडा हातीं आला तरी तो बारकाईनें पाहिला पाहिजे.

असा एक आंकडा बारा रुपयांचा आहे. लवजी नसरवानजी हा मूळचा सुरतेचा. तेथील धनजीभाई या जहाज बांधणाराच्या हाताखालीं तो मुकादम होता. कंपनीच्या डड्ली नांवाच्या अधिकाऱ्यानें त्याचें कसब हेरून इ. स. १७३६ त त्यास कांहीं सुतारांसह मुंबईस आणिलें. पुढें १७५० सालीं मुंबईंत पहिली सुकी गोदी झाली व लवजी मुख्य मिस्त्रीच्या पदास चढला. अशा माणसानें १७७१ त आपले दोन नातू, फ्रामजी माणकजी व जमशेटजी बमनजी, कामावर घातले ते दरमहा बारा रुपयांवर, साध्या सुताराच्या जागीं. आजोबा गोदीचा मुख्य, तरी नातवांची उमेदवारी इतर सुतारांबरोबर, त्याच हत्यारांनीं! कित्येक लेखक या गोष्टीकडे आजोबाच्या करड्या स्वभावाचा नमुना म्हणून पाहतात. आमच्या मतें तो स्वभावाचा नव्हे, पद्धतीचा पुरावा आहे. ज्यानें स्वतः फळी तासली नाहीं त्याला दुसऱ्यानें तासलेल्या फळींतील खोट दिसत नाहीं, आणि ती न दिसली तर समुद्रावर माणसें बुडतात. लवजी १७७४ त वारला तेव्हां मागें एक राहतें घर व वीस हजारांहून कमी रुपये एवढेंच होतें. नातवांस वारसा मिळाला तो मुख्यतः या बारा रुपयांच्या नोकरींतला.

तें काम होतें तरी कसें? सुरतेकडील बांधणींत फळ्या नुसत्या कडेस कड लावून ठोकीत नसत. एकीच्या कडेस खांच पाडून दुसरीची कड तींत बसवीत. ही खांच बिनचूक बसते कीं नाहीं हें पाहण्यास एका कडेस तांबडा रंग फांसून फळ्या जुळवीत व पुनः अलग करीत; जेथें रंग उमटे तेथें लांकूड वर आलेलें, तेवढें तासावयाचें, आणि सर्व कडेवर रंग सारखा उमटेपर्यंत हेंच चालवावयाचें. नवशिक्याला याहून चांगला पंतोजी कोणता? चूक कोठें आहे हें मिस्त्रीनें सांगावयासच नको, रंगच सांगे. असो.

हें ज्ञान माणसांत राहत असल्यामुळें माणूस गेला कीं तेंही जाण्याचें भय असे. आपल्या इतिहासांतील कल्याण-भिवंडीचें उदाहरण वाचकांस स्मरत असेलच. शिवाजीमहाराजांनीं इ. स. १६५९ च्या सुमारास तेथें जहाजें बांधण्यास रुय लैतांव व्हियेगश व त्याचा पुत्र यांस ठेविलें होतें. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्यांस फितवितांच ते काम टाकून निघून गेले. तरीही १६६५ त बसरूरवर स्वारी झाली तेव्हां महाराजांच्या आरमारांत पंचाऐंशी गलबतें व तीन मोठीं जहाजें होतीं. यावरून फिरंग्यांच्या हाताखालीं आपले सुतार कांहीं ना कांहीं शिकले असावेत, असा तर्क आम्हीं करितों. तो तर्कच आहे, हेंही येथेंच नमूद करितों.

पुनः मुंबईकडे वळूं. बारा रुपयांच्या त्या दोघांपैकीं जमशेटजीनें १८१० त 'मिंडेन' हें चौऱ्याहत्तर तोफांचें लढाऊ जहाज पाण्यांत सोडिलें. १८४२ त ज्यावर नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या तें 'कॉर्नवॉलिस' त्याचेंच, आणि १८१७ चें 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगतें आहे.

परंतु वाफेचें यंत्र आलें आणि रंग फांसण्याची विद्या अपुरी पडूं लागली. बाष्पपात्र कसें जोडावें हें घरांतल्या वडिलांस ठाऊक नव्हतें! तेव्हां लवजीचा खापरपणतू जहांगीर नवरोजी आणि त्याचा आप्त हिरजीभाई मेरवानजी हे १८३८ त विलायतेस गेले व चॅटमच्या सरकारी गोदींत उमेदवार राहिले. येथें शिकण्याची रीतच पालटली. आधीं गणित, मग नकाशा, आणि हत्यार शेवटीं. या दोघांनीं आपल्या प्रवासाचें पुस्तक १८४१ त लंडनांत छापिलें, म्हणून त्यांची उमेदवारी आपणांस कळते. त्यांच्या आजोबांच्या पिढीची कळत नाहीं. त्याच घराण्यांतील अर्देशर खरसेटजी १८३९ त गेला, १८४१ त रॉयल सोसायटीचा सभासद निवडला गेला, व मुंबईच्या वाफेच्या कारखान्यावर मुख्य यंत्रज्ञ झाला. त्याच्या हाताखालीं यूरोपीय कामगारही आले. तें येथील एका इंग्रजी वृत्तपत्रास सोसलें नाहीं व त्यानें तसें छापिलेंही. सत्तर वर्षांपूर्वीं ज्यांच्या वडिलांच्या घरीं बारा रुपयांनीं सुरुवात झाली, त्यांनीं आतां गोऱ्यांस काम सांगावें, हा त्यांतला खरा सल.

मुख्य मिस्त्रीचें पद १८८४ पर्यंत त्याच घराण्यांत राहिलें. या घराण्याच्या उमेदवारीचें गुणगान करितांना तिचें दारही अरुंद होतें हें विसरतां कामा नये. बाहेरचा होतकरू सुतार कितीही कुशल झाला तरी मुकादमीच्या पुढें गेल्याचें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

गोदींतील सुतारांच्या हजेरीच्या वह्या, पगारपत्रकें, जहाजांचे लांकडी अर्धे नमुने किंवा मिस्त्रींचे गुजराती अथवा मोडी टांचणांचे कागद कोणा सभासदाच्या संग्रहीं असतील, तर त्यांची नक्कल मंडळाकडे धाडावी. विशेषतः ज्या वहींत एकाच माणसाचा पगार वर्षानुवर्षें चढत गेलेला दिसेल ती वही, फाटकी असली तरी, रद्दींत घालूं नये.