शब्दकोडे : कसब की योगायोग? मुंबई राज्यातील बक्षीस-स्पर्धांचा खटला (१९४८–१९५७)

काही अक्षरे दिलेली असता उरलेली अक्षरे शोधून इंग्रजी शब्द पुरा करणे, ही वरवर पाहता निव्वळ करमणूक होय. तथापि स्वातंत्र्योत्तर मुंबई राज्यात या करमणुकीतून दोन गंभीर प्रश्न उपस्थित झाले. असा शब्द शोधणे हे बुद्धीचे कसब मानावयाचे की जुगार? आणि परराज्यात छापल्या जाणाऱ्या पत्रातील स्पर्धेवर मुंबईला कर बसविता येईल काय? या प्रश्नांचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये दिला. त्यातील पहिल्या प्रश्नाचे मर्म कोड्याच्या रचनेतच दडलेले आहे.

आधुनिक शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन याने 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात प्रथम प्रसिद्ध केले. लंडनच्या 'टाइम्स'ने १९३० मध्ये त्यास आपल्या पानात स्थान दिले. लवकरच शब्दकोड्यास प्रवेश फी व रोख बक्षिसे यांची जोड मिळाली. मुंबई प्रांतात अशा स्पर्धांवर कर बसविणारा कायदा १९३९ मध्येच झाला होता. त्याची जागा १९४८ च्या सोडती व बक्षीस-स्पर्धा नियंत्रण आणि कर कायद्याने घेतली. प्रांताबाहेर छापलेल्या पत्रांतील स्पर्धा त्याच्या कक्षेत नव्हत्या. ही उणीव १९५२ च्या दुरुस्तीने भरून काढली.

या दुरुस्तीस आव्हान देणारे आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या शब्दकोडे-स्पर्धा 'स्पोर्टिंग स्टार' या बंगलोरच्या इंग्रजी साप्ताहिकातून चालत. पत्र म्हैसूर राज्यातील. परंतु त्याचा मोठा खप मुंबई राज्यात होता, आणि प्रवेशपत्रिका व फी गोळा करण्याची व्यवस्थाही तेथे होती. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी १९५५ मध्ये राज्याच्या विरुद्ध निकाल दिला व राज्याने सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

वादाचे स्वरूप ध्यानात येण्यास कोड्याची घडण पाहणे अवश्य आहे. पाच चौकटींपैकी शेवटच्या चार चौकटींत आय, जी, एच, टी ही अक्षरे असतील, तर पहिल्या चौकटीत ई, एफ, एल, एम, एन, आर, एस, टी यांपैकी कोणतेही अक्षर घालून 'एट', 'फाइट', 'लाइट', 'माइट', 'नाइट', 'राइट', 'साइट', 'टाइट' असे आठ प्रचलित शब्द सिद्ध होतात. सूचक वाक्य संदिग्ध असले की त्यांतील दोन-तीन शब्द सारखेच चपखल बसतात. उलट तेरा चौकटींच्या शब्दात दुसरे अक्षर एन, चौथे वाय व आठवे पी असेल, तर 'एन्सायक्लोपीडिया' ओळखणाऱ्यास अन्य शब्द सहसा सापडणार नाही. शब्द जितका लांब व दिलेली अक्षरे जितकी अधिक, तितके पर्याय कमी होतात व ज्ञानास वाव मिळतो. शब्द आखूड झाला की ज्ञान पर्यायांपर्यंतच पोहोचते. पुढील निवड अंदाजाने करावी लागते. हा गुण केवळ इंग्रजीचा नव्हे. मराठी कोड्यात 'का' या अक्षरापुढे एक चौकट रिकामी असेल, तर काम, कान, काच, काळ, काठ हे सर्वच शब्द तेथे बसू शकतात.

अशा द्विपर्यायी जागा दहा असल्यास १,०२४ निरनिराळी उत्तरे संभवतात. सतरा असल्यास १,३१,०७२. प्रत्येक प्रवेशास फी असल्यामुळे संदिग्धता वाढली की अनेक प्रवेशपत्रिका भरण्याचा मोहही वाढतो. संयोजकाने मुक्रर केलेल्या उत्तराशी स्पर्धकाचे उत्तर जुळणे हे मग विद्वत्तेवर अवलंबून राहत नाही. इंग्लंडमधील न्यायालयाने १९३६ मध्ये ओडम्स प्रेस या प्रकाशनसंस्थेच्या खटल्यात अशाच स्वरूपाचे मत दिले होते.

सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी ९ एप्रिल १९५७ रोजी निकाल देताना या स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाच्या ठरविल्या. ऋग्वेदातील द्यूतकाराचे सूक्त, महाभारत व मनुस्मृती यांचा दाखला देऊन, जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असे त्यांनी प्रतिपादन केले. दुसऱ्या प्रश्नाबाबतही निर्णय राज्याच्या बाजूने झाला. पत्र कोठे छापले यापेक्षा ते कोठे खपते, प्रवेशपत्रिका कोठे भरल्या जातात व फी कोठे दिली जाते, हा संबंध न्यायालयाने पुरेसा मानला.

या तत्त्वाची व्याप्ती राज्याच्या कडेच्या मुलुखावरून स्पष्ट होते. तापी व नर्मदा यांच्या दरम्यान सातपुड्यात वसलेला, भिली बोलणाऱ्या लोकांचे प्राबल्य असलेला अक्कलकुव्याचा प्रदेश त्या काळी मुंबई राज्याच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत असे. तेथून एखाद्याने प्रवेशपत्रिका भरून फी पाठविली असती, तर ती घटना मुंबई शहरातील प्रवेशपत्रिकेइतकीच राज्याच्या हद्दीत घडली असती. मुद्रणालय बंगलोरास असल्याने काही फरक पडला नसता. पुढे १९६० मध्ये हा प्रदेश महाराष्ट्र राज्यात आला व १९९८ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात समाविष्ट झाला.

संसदेने १९५५ मध्ये केलेला बक्षीस-स्पर्धा कायदाही त्याच दिवशी दुसऱ्या निकालाने टिकला. अक्षरे, शब्द वा अंक यांच्या जुळणीवर आधारलेल्या कोड्यांच्या या कायद्यात महिन्याची बक्षिसे हजार रुपयांपर्यंत व प्रवेशसंख्या दोन हजारांपर्यंत मर्यादित केली होती. व्याख्या व्यापक असली तरी हे निर्बंध जुगारवजा स्पर्धांपुरतेच आहेत, असा अर्थ न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी लावला. त्यामुळे ज्यात कसब प्रमुख आहे अशी स्पर्धा निर्बंधमुक्त राहिली. याच भेदाच्या आधारे १९६७ मध्ये रमी हा पत्त्यांचा खेळ प्रामुख्याने कसबाचा ठरला. आंतरजालावरील पैशांच्या खेळांसंबंधी २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने मात्र कसब व योगायोग हा भेदच बाजूस सारला.

तात्पर्य, निकालाने शब्दज्ञानास जुगार ठरविले नाही. जेथे शब्दज्ञानाचा उपयोग संपतो आणि तरीही फी घेऊन उत्तर मागितले जाते, तेथे जुगार सुरू होतो, एवढेच त्याने सांगितले. ती सीमा नेमकी कोठे पडते, हे मात्र प्रत्येक कोड्याच्या चौकटी मोजूनच ठरवावे लागते.