मादक द्रव्यसेवनाचा क्रम : संख्याशास्त्रीय अभ्यासाचा इतिहास

१९७५ मध्ये डेनिस कँडेल यांनी न्यूयॉर्क राज्यातील माध्यमिक विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून मादक द्रव्यसेवनाच्या पायऱ्या मांडल्या : प्रथम बिअर वा वाइन, मग सिगारेट किंवा कडक मद्य, पुढे गांजा, अखेरीस इतर अवैध द्रव्ये. १९८४ मध्ये काझुओ यामागुची यांच्यासह केलेल्या विश्लेषणात लिंगभेद दिसला. पुरुषांत गांजापूर्वी मद्य येई. स्त्रियांत मद्य वा सिगारेट यांपैकी कोणतेही एक पुरेसे ठरे. २०१० मधील १७ देशांच्या तुलनेत, गांजाचा प्रसार अल्प असलेल्या जपान व नायजेरियात हा क्रम वारंवार मोडलेला आढळला. यावरून क्रम घडविण्यात समाजातील उपलब्धतेचाही वाटा असतो, हे स्पष्ट होते. केवळ पूर्वापर संबंधाला कार्यकारणभाव मानणारे प्रतिबंधक धोरण म्हणूनच अपुरे ठरते.