हातानं फेकायच्या छत्रीची कुळकथा

विंगसूट घालून विमानातून झेपावलेल्या माणसाचा फोटो पाहताना नजर पंखांवर खिळते. हातापासून कमरेपर्यंत आणि दोन्ही पायांच्या मध्ये ताणलेलं कापड, त्यात भरलेली हवा, खाली ढग. त्याच फोटोत पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी, उजव्या हाताला, एक छोटी मूठ असते. तिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. त्या मुठीला जोडलेली, पंचवीस-तीस इंच व्यासाची एक कापडी छत्री तिथल्या खिशात घडी करून कोंबलेली असते. तिला पायलट शूट म्हणतात. ती बाजूच्या हवेत फेकली की फुगते, तिच्या मागची लांब पट्टी ताणली जाते, पट्टीवरची पिन पिशवीचा बंद सोडवते आणि मोठं पॅराशूट उचललं जातं. विंगसूटवाल्याचं सुखरूप उतरणं या छत्रीपासून सुरू होतं, म्हणून तिचं कूळ सांगावंसं वाटतं.

सिडनीच्या वेंटवर्थव्हिल उपनगरातल्या मराठी घरांना हा विषय अगदीच परका नाही. इथून गाडीनं तासाभरावर, पिक्टनजवळच्या विल्टनला, स्कायडायव्हिंगचं जुनं केंद्र आहे. एकविसाव्या वाढदिवसाला प्रशिक्षकाच्या पुढ्यात बांधून घेऊन पहिली उडी मारायची, ही इथल्या मुलांची हौस आता आपल्या मुलांचीही झाली आहे. त्यातलं एखादं घरी येऊन म्हणतं, मला हे नीट शिकायचंय, पुढे विंगसूटही उडवायचाय. आई-बाबांच्या तोंडून मग एकच प्रश्न निघतो: पॅराशूट नक्की उघडेल ना? त्यांची काळजी मला पूर्णपणे पटते. फक्त तो प्रश्न आणखी नेमका विचारायला हवा: उघडण्याची सुरुवात कशानं होते, आणि त्या वस्तूच्या वाटेत काय येऊ शकतं?

पहिली पॅराशूटं उघडावी लागतच नव्हती. वेंटवर्थव्हिलहून शहराकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ॲशफील्ड लागतं. तिथे डिसेंबर 1888 मध्ये जे. टी. विल्यम्स यांनी बलूनमधून ऑस्ट्रेलियातली पहिली पॅराशूट-उडी घेतली. पुढच्याच वर्षी, 1889 मध्ये, पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रज बलूनबहाद्दरानं मुंबईकरांना हाच खेळ दाखवला. त्या काळच्या बलूनवाल्यांचं पॅराशूट बलूनच्या खाली किंवा बाजूला मोकळं लोंबत असे आणि त्याचा शेंडा बारीक दोरीनं बलूनला बांधलेला असे. माणसानं उडी टाकली की त्याच्या वजनानं दोरी तुटे आणि पडता पडता छत्रीत हवा भरे. पिशवी नाही, पिन नाही, मूठ नाही. बलून संथ आणि कापड मोकळं, म्हणून हे चालून गेलं.

विमान आलं आणि ही सोय संपली. पॅरामॅटाचा दंतवैद्य विल्यम हार्ट नोव्हेंबर 1911 मध्ये पेनरिथहून उडाला आणि पॅरामॅटा पार्कात उतरला. म्हणजे आज जिथे आपण किराणा आणि कढीपत्ता घ्यायला जातो, साधारण त्याच पट्ट्यावरून तो गेला असणार. तारा आणि काठ्यांच्या त्या विमानात लोंबतं पॅराशूट बांधणार कुठे? ते माणसाच्या अंगावर मावायला हवं होतं आणि हवं तेव्हा बाहेर यायला हवं होतं. रशियात ग्लेब कोतेल्निकोव्ह यांनी त्याच वर्षी पाठीवरच्या धातूच्या पेटीत पॅराशूट बसवलं आणि ते बाहेर ढकलायला तळाशी स्प्रिंगा लावल्या. लेव्ह मात्सिएविच या वैमानिकाचा 1910 मधला अपघाती मृत्यू त्यांना अस्वस्थ करून गेला होता.

28 एप्रिल 1919 ला अमेरिकेत मकूक फील्डवर लेस्ली अर्विन यांनी विमानातून उडी मारली, काही क्षण तसेच पडत राहिले आणि मग स्वतःच्या हातानं दोरी ओढली. ते पॅराशूट फ्लॉइड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलं होतं. दोरी ओढली की पिशवीतून स्प्रिंगवाली लहान छत्री उडी मारून बाहेर येई आणि मोठीला ओढून काढी. उतरताना अर्विन यांचा घोटा मोडला, पण पडता माणूस शुद्धीत राहून आपलं पॅराशूट आपण उघडू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं. पुढची पन्नासेक वर्षं या स्प्रिंगवाल्या छत्रीचीच चलती होती.

पंख लावणाऱ्यांची गोष्ट याच काळात समांतर चालू होती आणि ती दुःखाची आहे. अमेरिकेचा क्लेम सोन पोलादी नळ्या आणि कापडाचे पंख लावून जत्रांमधून उडत असे. 25 एप्रिल 1937 ला पॅरिसजवळ व्हँसेन इथे त्याचे पंख ठीक चालले. मुख्य पॅराशूट मात्र उघडलं नाही आणि राखीव पॅराशूट त्यात गुंतलं. फ्रान्सच्या लिओ व्हॅलेंतँनं लाकडी पंख केले. 21 मे 1956 ला लिव्हरपूलमध्ये विमानातून निघतानाच त्याचा पंख आपटून तुटला. तो गरगरत खाली आला आणि त्याचंही पॅराशूट गुरफटलं. दोघांचीही सगळी बुद्धी पंखांवर खर्ची पडली होती. पाठीमागच्या छत्रीला बाहेर यायला स्वच्छ वाट आहे का, याचा विचार पंखांइतक्या जिद्दीनं झाला नाही, असं माझं मत आहे.

ही वाट का अडते, ते समजून घ्यायला हवं. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यानं एसटी जाते तेव्हा धूळ आणि कागदाचे कपटे गाडीच्या पाठीला चिकटून भोवंडत तिच्यामागे धावतात. गाडी हवा फाडत जाते आणि तिच्या मागे कमी दाबाची, गोंधळलेली हवा उरते. पोटावर पडणाऱ्या माणसाच्या पाठीवर नेमकी अशीच हवा असते. स्कायडायव्हर तिला बर्बल म्हणतात. स्प्रिंगवाली छत्री उडी मारून याच पोकळीत येते आणि कधी कधी फुगायचं सोडून पाठीवरच नाचत राहते.

फ्लोरिडातल्या बिल बूथ यांनी 1970 च्या दशकात यावर काढलेला उपाय इतका साधा होता की आज त्याचं नवल वाटत नाही. स्प्रिंग काढूनच टाकायची. छत्री माणसानं स्वतः हातात घ्यायची आणि हात लांब करून बाजूच्या वाहत्या हवेत सोडायची. बर्बलच्या बाहेर. याच बूथनी तीन कड्यांची सुटकाही शोधली. एकात एक अडकवलेल्या तीन कड्यांवर भार इतका वाटला जातो की पॅराशूट गुंतून माणूस जोरात फिरत असला, तरी एका मुठीच्या ओढीनं बिघडलेलं पॅराशूट खांद्यावरून सुटतं. माझ्या लेखी या खेळात सर्वांत जास्त जीव या दोन शोधांनी वाचवले. विल्टनला प्रशिक्षकासोबत पहिली उडी मारणाऱ्या मुलांच्या डोक्यावर, मोठं पॅराशूट उघडायच्या आधी, जी लहान छत्री ताणलेली असते, तीही याच कुळातली: प्रशिक्षकानं हातानं फेकलेली.

फेकायच्या छत्रीचा खिसा कुठे असावा, यावरही बराच खल झाला. आधी तो पोटाच्या पट्ट्यावर होता, मग मांडीच्या पट्ट्यावर, शेवटी पिशवीच्या तळाशी आला. विंगसूटवाल्यांना शेवटची जागाच चालते, कारण पोट आणि मांड्या सूटच्या कापडाखाली जातात. अंगावर कुठलंही जादा कापड असलं की हाच प्रश्न उभा राहतो. पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर उडी घेतली, हे आपल्याला ठाऊक आहे. 2018 मध्ये त्यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली तेव्हा सगळीकडे कौतुक झालं ते साडीचं. माझ्या मनात आलं, एवढं वाऱ्याला लागलेलं कापड आणि त्याच्या जवळच सगळ्या मुठी! अशा वेळी कापडाचा प्रत्येक पदर जखडून ठेवणं आणि प्रत्येक मूठ मोकळी ठेवणं हे उडीइतकंच कसबाचं काम आहे.

आजच्या विंगसूटचा जनक पॅत्रिक द गायार्दों. या फ्रेंच माणसानं 1990 च्या दशकात हवेनं फुगणाऱ्या कापडी पंखांचा सूट बनवला आणि विमानातून उडी मारून, उडत उडत त्याच विमानात परत शिरून दाखवलं. 13 एप्रिल 1998 ला हवाईत तो गेला. सूट दगा देऊन गेला नाही. पाठीमागची हवा सुधारावी म्हणून त्यानं आपल्या पॅराशूटच्या पिशवीत स्वतः एक नवी दुरुस्ती केली होती आणि त्या शिवणीत चूक राहिली. जगातला सर्वांत अनुभवी विंगसूटवाला पॅराशूट उघडण्याच्या व्यवस्थेतल्या एका शिवणीनं गेला, हे वाचताना मला आजही कळ येते.

पुढच्या वर्षी फिनलंडचे यारी कुओस्मा आणि क्रोएशियाचे रॉबर्ट पेचनिक यांनी बर्डमॅन नावानं दुकानात विकत मिळणारा विंगसूट आणला आणि त्याबरोबर शिकवण्याची पद्धतही. आता हा सूट एखाद-दुसऱ्या अवलियाचा राहिला नाही, आणि पायलट शूटला नव्यानं बदलावं लागलं. साधा स्कायडायव्हर ताशी 200 किलोमीटरच्या आसपास सरळ खाली पडतो, विंगसूटवाला त्याच्या निम्म्याहूनही कमी वेगानं खाली येतो आणि पुढे मात्र झपाट्यानं जातो. पंख जितके मोठे, तितकी पाठीमागची पोकळी मोठी. म्हणून नेहमीची सहा-सात फुटांची पट्टी आठ-दहा फुटांची झाली, कधी त्याहूनही लांब, छत्री पोकळीपलीकडे पोचावी म्हणून. छत्रीचा व्यासही थोडा वाढला. माणूस पुढे धावत असल्यामुळे मोठ्या पॅराशूटची घडी वर उचलली न जाता मागे, पायांच्या दिशेनं ओढली जाते आणि पिशवीच्या खालच्या कोपऱ्यांत अडकू शकते. त्यासाठी खालचे कोपरे पूर्ण उलगडणाऱ्या पिशव्या निघाल्या.

मुख्य पॅराशूटच्या निवडीत मी तरी तडजोड मानणार नाही. डोमिना जाल्बर्ट यांनी 1960 च्या दशकात हवेनं फुगणाऱ्या नळ्यांचं, पंखासारखं पॅराशूट आणलं. त्याचीच सात नळ्यांची, आयताकृती, अंगाच्या वजनाला पुरेशी मोठी आवृत्ती विंगसूटला योग्य. छोटं, निमुळतं, चपळ पॅराशूट थोडं वाकडं उघडलं तरी दोऱ्यांना पीळ पडून गरगरू लागतं. हात पंखात अडकलेल्या माणसाला तो पीळ सोडवायला जास्त वेळ लागतो. पिन हातानंच ओढायची आणि पायलट शूट पिशवीच्या आत ठेवायचं, अशीही एक पद्धत आहे. साध्या उडीत तिचे चाहते आहेत, पण तिची मूठ सुटून मागे फडफडू लागली तर पंख घातलेल्या हाताला सापडणं कठीण, म्हणून बहुतेक विंगसूट प्रशिक्षक ती नको म्हणतात.

फेकण्याची रीतही ठरून गेली आहे. उंची नेहमीपेक्षा जास्त राखायची. वेग स्थिर, दिशा सरळ. दोन्ही हात एकाच वेळी मागे, एकटा उजवा कधीच नाही, कारण डावा पंख उघडा राहिला तर तो माणसाला फिरवतो आणि पॅराशूट पीळ घेऊनच जन्मतं. मूठ पकडून छत्री जोरात बाजूला भिरकावायची. मग हात-पाय मिटून, खांदे समपातळीत ठेवून थांबायचं. मागे वळून बघायचा मोह खांदा तिरका करतो. हे जमिनीवर, सूट घालून, पुन्हा पुन्हा करून हातात मुरवावं लागतं. अमेरिकेच्या स्कायडायव्हिंग संघटनेचा नियम सांगतो की निदान 200 साध्या उड्या झाल्याशिवाय विंगसूटला हात लावू नये. हा आकडा नव्या मुलांना जाचक वाटतो. पण त्या दोनशे उड्यांत हात न बघता मुठीवर जायला शिकतो, आणि पंखात अडकलेल्या हाताला तेच तर हवं असतं.

यंत्रावर विसंबण्याची एक सवयही इथे उपयोगी पडत नाही. हेल्मुट क्लोथ यांचं सायप्रस हे यंत्र 1991 पासून पाठीवर बसतं आणि माणूस बेशुद्ध असला तरी जमिनीपासून साधारण 225 मीटरवर राखीव पॅराशूट उघडतं, पण तेव्हा तो सेकंदाला 35 मीटरहून वेगानं पडत असला तरच. छान तरंगणारा विंगसूटवाला त्या वेगाला पोचतच नाही. यंत्राला तो सुरक्षित वाटतो. हल्ली विंगसूटसाठी वेगळ्या मांडणीची यंत्रं मिळतात. घेणाऱ्यानं आपल्याकडे कुठलं आहे, ते विचारून घ्यावं.

सिडनीचे डॉ. ग्लेन सिंगलमन आणि हेदर स्वान 2006 मध्ये गढवाल हिमालयात मेरू पर्वतावर 6,604 मीटरपर्यंत चढले आणि तिथल्या कड्यावरून विंगसूट घालून झेपावले. कड्यावरच्या उडीत पाठीवर एकच पॅराशूट असतं. दुसरी संधी नाही, म्हणून सगळी भिस्त फेकायच्या त्या एका छत्रीवर. विमानातून उडणाऱ्याकडे मात्र दोन पॅराशूटं असतात आणि दोन्हींची कुळं वेगळी आहेत. मुख्य पॅराशूटची छत्री बूथच्या घराण्यातली, हातानं फेकायची. राखीवची अजून 1919 च्या घराण्यातली, स्प्रिंगवाली. मूठ ओढली की स्वतःच उडी मारून बाहेर येणारी, कारण हात जखडलेला किंवा मोडलेला असला तरी एका ओढीत सगळं झालं पाहिजे. ती पुन्हा त्याच पाठीमागच्या पोकळीत उडी मारते. म्हणून मुख्य पॅराशूटची मूठ सापडलीच नाही आणि थेट राखीवची ओढायची वेळ आली, तर आधी पंख मिटायचे, मग ओढायचं. आणि हा क्रम जमिनीवरच्या सरावात पहिल्या दिवसापासून असायला हवा.