नरकासुर: रात्रभर मिरवायचा, पहाटे जाळायचा राक्षस

२०२४ साली हॅलोविन आणि नरकचतुर्दशी एकाच दिवशी आली, ३१ ऑक्टोबरला. अमेरिकेत त्या रात्री अनेक कुटुंबे अंगणात किंवा गॅरेजमध्ये सांगाडे, जाळी, कापडी भुते मांडून 'भुताचे घर' करतात. शेजारची मुले घाबरत आत शिरतात आणि चॉकलेट घेऊन बाहेर येतात. आपल्याकडे बारामती-इंदापूर भागात दिवाळीला मुले मातीचा किल्ला करतात. गोव्यात आणि लगतच्या सिंधुदुर्गात मात्र वाड्यावाड्यांवर राक्षस उभा राहतो: नरकासुर.

कथा काय आहे?

नरकासुर हा भूदेवीचा पुत्र, प्राग्ज्योतिषपूरचा म्हणजे आजच्या आसामकडचा राजा. त्याने सोळा हजारांहून अधिक स्त्रियांना कैदेत ठेवले होते. श्रीकृष्णाने त्याला मारून त्यांची सुटका केली. आश्विन वद्य चतुर्दशीला हा विजय साजरा होतो.

राक्षस कसा बनतो?

दिवाळीच्या काही दिवस आधीपासून वाड्यावरची मुले कामाला लागतात. बांबू किंवा लाकडाचा सांगाडा बांधतात, मोठ्या मूर्तीला लोखंडही लागते. आत गवत आणि रद्दी भरून वरून कागद चिकटवतात आणि रंगवतात. मोठे डोळे, सुळे आणि लाल जीभ हवीच. मुखवटा घरी बनवतात किंवा पणजी, म्हापसा, मडगावच्या बाजारातून आणतात. पोटात फटाके भरतात. स्पर्धेतल्या काही मूर्ती मान किंवा हातही हलवतात. खर्चासाठी लहान मुले आपला छोटा नरकासुर घेऊन शेजाऱ्यांकडे आणि रस्त्यावर पैसे मागतात.

रात्र आणि पहाट

चतुर्दशीच्या आदल्या रात्री लोक वाडेवाडे फिरून नरकासुर बघतात. उजाडण्याआधी त्याला पेटवतात. मग घरोघरी अभ्यंगस्नान होते. तुळशीपाशी 'गोविंदा' म्हणत पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. नंतर फराळ पोह्यांचा: दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, बटाट्याचे. शेजारी आणि नातेवाईक एकमेकांकडे पोहे खायला जातात. रात्रीच्या भीतीनंतरचा हा गोड शेवट.

वाद कशावरून?

पहिली तक्रार अशी, की नरकासुर दरवर्षी मोठा होतो आणि कृष्ण विसरला जातो. म्हणून काही ठिकाणी कृष्णाची मूर्ती किंवा कृष्णाच्या वेशातला मुलगाही असतो.

दुसरी तक्रार आवाजाची. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि हा कार्यक्रम तर रात्रभर चालतो.

तिसरी तक्रार सकाळी दिसते: रस्त्यात अर्धवट जळलेले सांगाडे, तारा आणि राख. दुचाकीस्वारांना त्यांचा धोका असतो. प्लास्टिक किंवा थर्माकोल वापरले असेल, तर धूरही विषारी होतो.

करायचाच असेल तर

- फक्त गवत, कागद आणि बांबू वापरा.
- विजेच्या तारा, झाडे, गाड्या यांपासून दूर, मोकळ्या जागी जाळा.
- पाण्याच्या बादल्या आणि वाळू आधीच जवळ ठेवा.
- पेटवण्याचे काम मोठ्यांनी करावे, मुलांना लांब उभे करावे.
- पोह्यांना बसण्याआधी जागा झाडून घ्या.

राक्षस जळाला आणि रस्ता साफ झाला, की मगच नरकासुराचा खरा शेवट होतो.