घटस्फोट, पतिताचा दायभाग व १८५० चा कायदा

धर्म सोडणारास शासन करणाऱ्या कायद्यांचा विषय निघाला म्हणजे परदेशांतील देहान्त शिक्षांची किंवा गोव्यांतील इन्क्विझिशनची (१५६०–१८१२) चर्चा होते, आणि आमच्या स्मृतींत तसें कांहीं नव्हतें असें म्हणून ती संपते. हें विधान आम्हांस अपुरें वाटतें. स्मृतिकारांनीं राजाच्या हातीं दिलेलें शासन थोडें आहे; कुलाच्या हातीं दिलेलें थोडें नाहीं.

राजशासनाचें ठळक उदाहरण ‘प्रव्रज्यावसिता’चें. संन्यास घेऊन त्यापासून भ्रष्ट झालेल्यास याज्ञवल्क्यानें राजाचा आमरण दास ठरविलें. नारदाच्या पंधरा दासप्रकारांतही तो आहे. मात्र हा आश्रमत्याग होय, धर्मान्तर नव्हे.

धर्मान्तर करणारा ‘पतित’ या सदरांत पडे. पतिताचा विधि मनूच्या अकराव्या अध्यायांत आहे. सपिंड व बांधव यांनीं गांवाबाहेर, निंद्य दिवशीं सायंकाळीं, तो जिवंत असतांच त्यास उदक द्यावें. दासीनें पाण्यानें भरलेला घट, मृतासाठीं करितात तसा, पायानें लवंडावा. एक अहोरात्र सूतक पाळावें. पुढें त्याच्याशीं संभाषण, सहासन, दायदान व लोकव्यवहार बंद करावा. आज काडीमोड या अर्थीं रूढ असलेला ‘घटस्फोट’ शब्द धर्मशास्त्रांत या विधीचा आहे.

परतीची वाटही तेथेंच सांगितली आहे: प्रायश्चित्त केलेल्यासह पुण्य जलाशयांत स्नान करून नवा घट पाण्यांत टाकावा. १६७६ त नेताजी पालकर स्वधर्मांत परत आला तो प्रायश्चित्तानेंच. आणि १८४३ च्या मुंबईतील शेषाद्री-प्रकरणांत बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूनें उभे राहिले तेही याच वाटेसाठीं.

दायभागाचा नियम मात्र कठोर राहिला. वांट्यास अपात्र असणारांत याज्ञवल्क्यानें पतितास गणिलें, व इंग्रजी अमलांतील न्यायालयांत तो नियम धर्मान्तरितांस बाधूं लागला. बंगालच्या १८३२ च्या सातव्या रेग्युलेशनाच्या नवव्या कलमानें त्यास प्रथम आळा घातला. ११ एप्रिल १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें तें तत्त्व कंपनीच्या सर्व मुलखास लागू केलें. धर्म सोडल्यानें किंवा जातिबहिष्कृत झाल्यानें मालमत्ता वा वारसा बुडविणारा कायदा अथवा रूढि न्यायालयांनीं अमलांत आणूं नये, एवढाच त्याचा आशय. बंगाल व मद्रास येथील हिंदूंनीं त्याविरुद्ध अर्ज केले. त्यांच्या विरोधाचें मूळ शास्त्रांत होतें: रिक्थ व पिंड यांचा संबंध अभेद्य, जो पिंड देणार नाहीं त्यास रिक्थ कसें मिळावें?

हा वाद पुरता मिटला नाहीं. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें धर्मान्तरित स्वतः अपात्र होत नाहीं. परंतु धर्मान्तरानंतर जन्मलेली त्याची संतति, वारसा खुला होतेवेळीं हिंदु नसल्यास, हिंदु आप्तांच्या वारशास अपात्र ठरते (कलम २६).

पोथ्यासंग्राहकांस आमची एवढीच विनंती: धर्मशास्त्राच्या पोथींत किंवा जुन्या निर्णयपत्रांत ‘घटस्फोट’ शब्द आढळला, तर तो काडीमोडीचा समजून कागद विवाहप्रकरणांत लावूं नये. त्यांत जिवंत माणसाचें उदक झालें असण्याचा संभव आहे.